हुर्यो आणि ‘आपण’ : स्वसंघाच्या निंदेचा एक भाषाशास्त्रीय विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

दिवाळी सरली आणि धानाची कापणी सुरू झाली की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत मंडईचे दिवस येतात. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे, आणि त्यांच्या उत्तरेकडील भंडारा व गोंदिया, या सर्व प्रदेशाला तेथील लोक ‘झाडीपट्टी’ म्हणतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही या प्रदेशातील मंडईची रूढ योजना होय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले होते; डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा अनुमती मिळाली. नाटकाची परंपरा मात्र अखंड आहे. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाटकांचे केंद्र असून तेथील नाट्यमंडळ्यांना गावोगावची मंडळे आमंत्रित करतात, मंडप उभारतात, तिकिटे विकतात, आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीचे एक ख्यातनाम नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला, तेव्हा या परंपरेकडे महाराष्ट्राच्या इतर भागांचे लक्ष पुन्हा एकदा वेधले गेले.

या नाटकांचा प्रेक्षक मूक नसतो. प्रसंग रंगला की तो टाळ्या देतो, शिट्ट्या वाजवितो, गाणे पुन्हा म्हणावयास लावतो. आणि प्रसंग पडला की आपली नापसंतीही तितक्याच मोकळेपणाने व्यक्त करतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या नाटकाची हुर्यो उडते ते गावानेच आणलेले असते. ज्या मंडळाने ते ठरविले त्यातील तरुण प्रवेशद्वारापाशी तिकिटे तपासीत उभे असतात, आणि ओरडणाऱ्याचा भाऊ अथवा शेजारी त्यांत असण्याचा संभव मोठा असतो. म्हणजे ही हुर्यो परक्याची नव्हे, आपल्यांची आहे.

क्रीडांगणावर हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याची हुर्यो उडविणे शिष्टसंमत नसले तरी ते समजण्यासारखे आहे; स्पर्धेत पक्ष असतात आणि पक्षांत वैर, निदान वैराचा अभिनय, असतो. परंतु ज्या संघासाठी प्रेक्षक घरून निघाला, ज्याच्या रंगाचा सदरा त्याने अंगात घातला आहे, त्याच संघाची त्याने हुर्यो उडवावी काय? फुटबॉलच्या जगात हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, चाहता हा पाठीराखा असतो, संकटात पाठ फिरविणारा पाठीराखा कसला? दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला प्रेम आहे त्यालाच रागावण्याचा अधिकार आहे. दोन्ही पक्ष सामान्यतः या प्रश्नाला नीतीचा अथवा शिष्टाचाराचा प्रश्न मानतात. वस्तुतः तो आधी अर्थाचा प्रश्न आहे. हुर्यो हा एक उच्चार आहे. तो काय सांगतो, कोणाला सांगतो आणि कोणाच्या वतीने सांगतो, हे निश्चित झाल्यावाचून तो योग्य की अयोग्य हे ठरविता येणार नाही.

२. हुर्यो हा उच्चार

हुर्योचे पहिले वैशिष्ट्य असे की तिला विधान नसते. ‘तुमचा बचाव ढिला आहे’ हे वाक्य खरे अथवा खोटे ठरू शकते आणि त्याचे खंडन करता येते. हुर्योचे खंडन करता येत नाही, कारण तिने काहीच प्रतिपादन केलेले नसते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाविचारात एक दृष्टी रूढ केली : बोलणे म्हणजे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे, तर बोलण्याने माणूस काही कृती करीत असतो, वचन देतो, ताकीद देतो, क्षमा मागतो. या दृष्टीने पाहता हुर्यो म्हणजे आशयावाचूनची कृती होय. तिच्यात निषेधाचा जोर पूर्णपणे आहे, परंतु निषेध कशाचा हे मात्र तिच्यात कोठेही नाही.

दुसरे वैशिष्ट्य तिच्या सामुदायिकतेचे आहे. स्टीव्हन क्लेमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने जाहीर भाषणे व वादविवाद यांच्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे या विषयाचा अभ्यास करून तो १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, टाळ्या व हुर्यो यांचा आरंभ एकसारखा होत नाही. टाळ्या वक्त्याचे वाक्य संपताक्षणी, कित्येकदा ते संपण्यापूर्वीच सुरू होतात. प्रत्येक श्रोता जणू स्वतंत्रपणे निर्णय घेतो. हुर्यो मात्र किंचित विलंबाने उठते. आधी कुजबूज होते, लोक एकमेकांचा कानोसा घेतात, आणि आपण एकटे पडणार नाही अशी खात्री पटल्यावर आवाज चढतो. क्लेमन यांचे निरीक्षण राजकीय सभांचे आहे, ते क्रीडांगणाला जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि त्यातून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. हुर्यो हा अनावर झालेला उद्गार आहे अशी जी सामान्य समजूत आहे, ती पूर्णांशाने खरी नाही. तिच्यापूर्वी एक क्षण विचाराचा असतो. आणि जेथे विचाराचा क्षण आहे तेथे जबाबदारीही आहे.

तिसरे वैशिष्ट्य, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, हे की हुर्योला सर्वनाम नसते. कोण ओरडतो आणि कोणाविरुद्ध, हे तिच्या रूपात व्यक्त होत नाही. मराठी वाक्यात ही गोष्ट क्वचितच संदिग्ध राहते. हुर्योत ती नेहमीच संदिग्ध राहते.

३. ‘आपण’ आणि ‘आम्ही’

प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे हे मराठीचे एक ठळक वैशिष्ट्य होय. ‘आम्ही’ या रूपात ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’ या रूपात तो समाविष्ट असतो. हिंदीतील ‘हम’ मध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. गुजरातीत तो आहे, आणि द्राविडी भाषांत तो प्राचीन आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाच्या परिसरात, तेलुगू भाषकाच्या तोंडी समावेशक ‘मनमु’ आणि व्यावर्तक ‘मेमु’ ही रूपे ऐकू येतात. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाने आला अथवा निदान टिकला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ज्या प्रदेशात या दोन भाषाकुलांची सीमा रोजच्या व्यवहारात ओलांडली जाते, तेथे या भेदाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

खेळाच्या संदर्भात हा भेद कसा वापरला जातो ते पाहावे. सामना संपल्यावर एक चाहता दुसऱ्या चाहत्याला म्हणतो, ‘आपण हरलो.’ तोच चाहता प्रतिस्पर्धी संघाच्या पाठीराख्याला म्हणतो, ‘आम्ही हरलो.’ आणि ज्याने मनाने संघ सोडला आहे तो म्हणतो, ‘ते हरले.’ घटना एक, वाक्ये तीन. आणि प्रत्येक वाक्यात बोलणाऱ्याचे स्थान निराळे. त्यांपैकी एकाही प्रसंगी चाहत्याने चेंडूला पाय लावलेला नसतो. ‘आपण’ या शब्दाने तो श्रमाचा नव्हे, तर फलाचा वाटेकरी होतो.

हा वाटा विजयात घेणे सोपे, पराजयात घेणे कठीण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रत्यक्ष दाखविले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या (अर्थात अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलच्या) सामन्यांविषयी विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारण्यात आले. जिंकलेल्या सामन्याचे वर्णन करताना विद्यार्थी ‘आम्ही’ या अर्थाचे सर्वनाम अधिक वापरीत. न जिंकलेल्या सामन्याच्या वर्णनात त्याचे प्रमाण कमी होई. सर्वनाम हे निष्ठेचे किती सूक्ष्म मापक आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मराठी ‘आपण’चा आणखी एक उपयोग येथे विचारात घेतला पाहिजे. मुलाने चूक केली असता आई म्हणते, ‘आपण असं करायचं नाही, बरं का.’ चूक मुलाची आहे, आईने काहीच केलेले नाही. तरी ती स्वतःला त्या वाक्यात ओढून घेते. दोष दाखविला जातो, पण दोषीला घराबाहेर काढले जात नाही. त्याऐवजी ‘तू असं करायचं नाहीस’ असे म्हटले तर ताकीद तीच राहते, नाते मात्र पालटते. आई रागावलेली आहे हे दोन्ही वाक्यांतून कळते. पहिल्यातून एवढे अधिक कळते की ती अजून त्याच्या बाजूला उभी आहे. तसेच ‘आपला’ हे रूप मराठीत आत्मवाचकही आहे : ‘तो आपले घर बांधतो’ यात ‘आपले’ म्हणजे त्याचे स्वतःचे. ‘आपल्या संघाची हुर्यो’ या शब्दप्रयोगात म्हणून एक वळसा आहे. ती हुर्यो काही अंशी ओरडणाऱ्यावरच परत येते.

यावरून मूळ प्रश्न असा मांडता येईल. स्वसंघाची निंदा आणि स्वसंघाविषयीची निष्ठा यांत तात्त्विक विरोध नाही. आईचे वाक्य त्याचा पुरावा आहे. विरोध निर्माण होतो तो निंदेने समोरच्याला ‘आपण’मधून बाहेर लोटले म्हणजे. परंतु हुर्योला सर्वनाम नसल्यामुळे ती ‘आपण असे खेळायचे नाही’ असे म्हणते की ‘तुम्ही आमचे नाही’ असे म्हणते, हे ऐकणाऱ्या खेळाडूला केवळ आवाजावरून कळू शकत नाही. ते त्याला परिस्थितीवरून ठरवावे लागते. आणि ती परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी ओरडणाऱ्याकडे येते.

४. वानखेडेवरील दोन प्रसंग

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत परिचित उदाहरणे फुटबॉलच्या नव्हे, तर क्रिकेटच्या मैदानावर घडली. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटी सामन्यात सचिन तेंडुलकर पहिल्या डावात अवघी १ धाव काढून बाद झाले. तंबूत परतत असता प्रेक्षकांच्या एका भागाने त्यांची हुर्यो उडविली. मैदान त्यांचे, शहर त्यांचे, आणि प्रेक्षकही त्यांचेच. भारताने तो सामना २१२ धावांनी गमावला. याच मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषक जिंकल्यावर सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये याच मैदानावर त्यांनी निरोप घेतला तेव्हा प्रेक्षकांना अश्रू आवरले नाहीत. २००६ चे ओरडणारे आणि २०१३ चे रडणारे यांत काही माणसे समान असतील असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरा प्रसंग १ एप्रिल २०२४ चा. मुंबई इंडियन्स या संघाने डिसेंबर २०२३ मध्ये रोहित शर्मा यांच्याऐवजी हार्दिक पंड्या यांना कर्णधार नेमले. रोहित यांच्या नेतृत्वाखाली संघाने पाच वेळा विजेतेपद मिळविले होते, आणि हार्दिक हे मधल्या काळात गुजरातच्या संघाकडे जाऊन परतलेले होते. राजस्थान रॉयल्सविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीसाठी नवा कर्णधार मैदानात आला तेव्हा स्वगृहीच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. समालोचक संजय मांजरेकर यांनी ध्वनिक्षेपकावरूनच प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगितले. सामना चालू असता खुद्द रोहित शर्मा यांनीही प्रेक्षकांना हाताने शांत राहण्याची खूण केली.

या दोन प्रसंगांत बाह्य साम्य असले तरी उच्चार म्हणून त्यांत मोठा भेद आहे. २००६ ची हुर्यो ही प्रतिसाद होती. आधी एक कृती घडली, ती फसली, आणि मग आवाज उठला. ती अन्याय्य असेल, अधीर असेल, परंतु तिला निमित्त होते. २०२४ ची हुर्यो नाणेफेकीच्या वेळी, एकही चेंडू टाकला जाण्यापूर्वी उठली. संवादाच्या भाषेत बोलावयाचे तर समोरून कोणी काही बोलण्यापूर्वीच दिलेले ते उत्तर होते. तिचे खरे कारण मैदानावर नव्हतेच. ते संघाच्या व्यवस्थापनाने घेतलेल्या एका निर्णयात होते. आणि तो निर्णय घेणारे प्रेक्षकांच्या आवाजाच्या टप्प्यात उभे नव्हते. हुर्योला पत्ता नसल्यामुळे ती, चुकलेल्या पत्राप्रमाणे, जो समोर दिसला त्याच्या दारी जाऊन पडली.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. त्या हंगामात मुंबईचा संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक हार्दिक यांनी टाकले आणि भारताने दक्षिण आफ्रिकेवर ७ धावांनी विजय मिळविला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला तेव्हा त्याच मैदानात हार्दिक यांच्या नावाचा जयघोष झाला. ही घटना सुखान्त म्हणून सांगितली जाते. परंतु चाल्डीनी यांच्या निष्कर्षाच्या प्रकाशात ती पाहिली तर समाधान काहीसे ओसरते. विजयानंतर दिलेले ‘आपण’ हे स्वस्त असते. ज्या दिवशी ते देणे महाग होते त्या दिवशी ते दिले गेले नाही.

५. फुटबॉलच्या मैदानावर

फुटबॉलमधील प्रसंग हाच भेद अधिक स्पष्ट करतात. ६ डिसेंबर २००८ रोजी लंडनमध्ये आर्सेनल व विगन यांच्यातील सामन्यात आर्सेनलचे इमॅन्युएल एबुए हे दुखापतीतून नुकतेच सावरून, बदली खेळाडू म्हणून, आपल्या नेहमीच्या नसलेल्या जागी उतरले. त्यांच्याकडून चुका होत गेल्या. सामना संपण्याच्या सुमारास त्यांना परत बोलाविण्यात आले, तेव्हा त्यांच्याच संघाच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि त्यांच्या बाहेर जाण्याचे स्वागत केले. आर्सेनलने तो सामना १–० असा जिंकला होता. म्हणजे ‘आपण जिंकलो’ असे म्हणत असतानाच त्या ‘आपण’मधून एक माणूस वेगळा काढण्यात आला. पराजयाचे दुःख हे येथे कारणही नव्हते आणि निमित्तही नव्हते.

कित्येकदा खेळाडू उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. १८ जून २०१० रोजी केप टाउन येथे इंग्लंड व अल्जीरिया यांचा विश्वचषकातील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि इंग्लंडच्या चाहत्यांनी आपल्या संघाची हुर्यो उडविली. बाहेर पडताना वेन रूनी यांनी छायाचित्रकाच्या यंत्राकडे पाहून, आपलेच चाहते आपली हुर्यो उडविताना पाहून बरे वाटले, अशा अर्थाचे उपरोधिक उद्गार काढले. दुसऱ्या दिवशी त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. हजारो लोकांच्या निःशब्द आरोपाला एका माणसाने शब्दांत उत्तर दिले, आणि क्षमा मागण्याची पाळी त्या एकावर आली. विधान नसलेल्या उच्चाराचे हेच बळ असते. ज्याने काही म्हटलेच नाही त्याला काही मागे घ्यावे लागत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईचेच आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरी येथील फुटबॉल मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला; कर्णधार सुनील छेत्री यांनी तीन गोल केले; आणि तो विजय पाहण्यास २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी छेत्री यांनी एका चित्रफितीद्वारे देशातील फुटबॉलप्रेमींना आवाहन केले. त्याचा आशय असा होता की, आमच्यावर टीका करा, हव्या तर शिव्याही द्या, पण त्यासाठी मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध झालेल्या त्यांच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली.

या आवाहनात एक सूक्ष्म विचार आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे प्रतिपादिले होते की, एखाद्या संस्थेची अवनती होऊ लागली असता तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे अथवा आवाज उठविणे, आणि निष्ठा ही दुसरा मार्ग जिवंत ठेवते. छेत्री यांनी हुर्योला मान्यता दिली ती याच अर्थाने. रिकामी खुर्ची ‘ते’ म्हणते. भरलेल्या खुर्चीतून आलेली शिवीसुद्धा ‘आपण’ म्हणू शकते, कारण ओरडणारा तेथे आलेला आहे, आणि ज्याचा त्याग करावयाचा त्याच्याकडे कोणी प्रवास करून येत नाही. सर्वनाम शब्दाने दिले नाही तरी उपस्थितीने देता येते.

६. दोन आक्षेप

येथे पहिला आक्षेप असा संभवतो की, प्रेक्षक पैसे देऊन आलेला असतो. माल वाईट निघाला तर गिऱ्हाइकाने तक्रार करू नये काय? करावी. परंतु गिऱ्हाईक दुकानदाराला ‘आपण’ म्हणत नाही; म्हणालाच तर ते आदरार्थी द्वितीयपुरुषी ‘आपण’ असते, समावेशक नव्हे. तिकिटाच्या हक्काने ओरडणारा माणूस आपण बाहेरचे आहोत हे मान्य करीत असतो. त्याचा हक्क खरा आहे, पण तो स्वकीयाचा हक्क नव्हे. ‘माझा संघ’ म्हणून प्रेमाचा अधिकार आणि ‘माझे पैसे’ म्हणून ग्राहकाचा अधिकार, असे दोन्ही एकाच आरोळीत सांगता येत नाहीत. ते एकमेकांस छेद देतात.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे : आदर्श प्रेक्षकाने निषेधाचा आवाज काढूच नये. याला आधार म्हणून भरताच्या नाट्यशास्त्राकडे बोट दाखविता येईल. बहुतेक आवृत्तींतील सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी आणि तिच्यावर येणारे घात यांचा विचार आहे. दैवी घात, स्वतःच्या दोषाने होणारे घात आणि शत्रूकडून होणारे घात असे प्रकार तेथे सांगितले असून, आरडाओरड करणे, ढेकळे अथवा शेण फेकणे यांची गणना शत्रुकृत घातांत केली आहे. जून २०२४ मध्ये कोलोन येथे स्लोव्हेनियाशी बरोबरी झाल्यावर इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांच्या दिशेने इंग्लंडच्याच चाहत्यांनी पेले फेकले. इंग्लंड आपल्या गटात पहिला आला होता, आणि पुढे तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. भरताच्या वर्गीकरणाने पाहता ते फेकणारे, अंगात कोणताही सदरा असो, शत्रुपक्षात जमा होतात. मात्र याच अध्यायात प्रेक्षकाच्या प्रतिसादाला, स्मितापासून मोठ्या हास्यापर्यंत आणि शाबासकीपासून हळहळीच्या उद्गारापर्यंत, सिद्धीचे गमक मानले आहे; आणि पात्राच्या दुःखाने जो दुःखी होतो तो प्रेक्षक, असेही म्हटले आहे. म्हणजे भरताला मूक प्रेक्षक अभिप्रेत नाही. हळहळ आणि घात यांत तो भेद करतो. हळहळणारा पात्राच्या दुःखात आत शिरलेला असतो, घात करणारा बाहेर उभा असतो. मराठीच्या परिभाषेत हा भेद ‘आपण’ व ‘तुम्ही’ यांचाच आहे.

७. पुन्हा झाडीपट्टीत

आता आरंभीच्या मंडपाकडे वळता येईल. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाची आरोळी स्टेडियममधील आरोळीपेक्षा सौम्य असते असे नाही. परंतु तिला तीन गोष्टींचा आधार असतो.

पहिली गोष्ट पत्त्याची. प्रयोग पडला तर नाटक ठरविणारे मंडळ तेथेच उभे असते. पुढील वर्षी त्याच नाट्यमंडळीला बोलवावे की नाही, हे त्याच माणसांच्या हाती असते. आवाज ज्याच्या कानी पडतो त्याच्याच हाती दुरुस्तीचा उपाय असतो. शंकरपटातही हेच दिसते. बैलजोडी ऐनवेळी धावपट्टी सोडून भलतीकडे वळली तर लोक बैलांना दोष देत नाहीत; बोल लागतो तो धुरकऱ्याला. निषेध कोणाला लागू पडतो याचे भान त्यात आहे.

दुसरी गोष्ट उत्तराची. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांच्या संस्कारात वाढलेल्या विनोदी नटाला प्रेक्षकाच्या आरोळीवर तेथल्या तेथे कोटी करण्याची मुभा असते, आणि ती साधली तर ओरडणाराच हसू लागतो. हुर्यो येथे संवादाचा एक भाग होते. स्टेडियममध्ये रूनींना जे साधता आले नाही ते येथल्या नटाला साधते, कारण त्याला वाक्य पुरे करू दिले जाते.

तिसरी गोष्ट थांबण्याची. नाटक पहाटेपर्यंत चालते. ओरडणारा उठून गेला तर गोष्ट वेगळी. पण बहुधा तो जात नाही. थंडीत चादर गुंडाळून तो शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून राहतो, आणि सकाळी चहाच्या टपरीवर ‘यंदा आपलं नाटक काही जमलं नाही’ असे म्हणतो. या वाक्यातील ‘आपलं’ हा शब्द रात्रीच्या आरोळीला तिचे हरवलेले सर्वनाम परत देतो.

हे सर्व लहान समाजात शक्य होते, साठ हजारांच्या स्टेडियममध्ये नव्हे, असे कोणी म्हणेल. अंतर वाढले की ओळख कमी होते हे खरे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष हुर्यो निषिद्ध मानण्याचा नाही. जेथे ओळख आपोआप मिळत नाही तेथे ती प्रयत्नाने द्यावी लागते, एवढाच तो आहे.

८. निष्कर्ष

तेव्हा चाहत्याने आपल्याच संघाची हुर्यो उडवावी काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. पण तीन प्रश्नांत देता येईल. हा आवाज घडलेल्या कृतीला आहे की केवळ माणसाला? ज्याच्या कानी तो पडणार आहे त्याच्या हाती दुरुस्तीचा उपाय आहे काय? आणि सामना संपल्यावर, हरलो तरीही, आपल्या तोंडी ‘आपण हरलो’ हेच वाक्य येणार आहे काय? तिन्हींची उत्तरे अनुकूल असतील तर हुर्यो ही निष्ठेचीच एक कठोर वाणी ठरते, आणि तिला गप्प बसविणे म्हणजे चाहत्याला गिऱ्हाइकाच्या पायरीवर उतरविणे होय. यांपैकी तिसऱ्याचे उत्तर प्रतिकूल असेल तर पहिल्या दोहोंना अर्थ राहत नाही. मग तो आवाज स्वकीयाचा नसतोच.

वानखेडेवर नाणेफेकीसाठी उभ्या असलेल्या कर्णधाराला, किंवा लंडनमध्ये मान खाली घालून बाहेर पडणाऱ्या बदली खेळाडूला, हजारो कंठांतून एकच स्वर ऐकू आला. त्यांपैकी कित्येक कंठ रागावलेले असतील पण दुरावलेले नसतील. मात्र त्यांचा राग आणि इतरांचा दुरावा यांचा ध्वनी एकच होता, आणि ऐकणाऱ्या एकट्या माणसाला तो भेद कळण्याचा मार्ग नव्हता. रागावण्याचा अधिकार चाहत्याला आहे. आपण अजून त्याच बाजूला उभे आहोत हे त्या माणसाला कळेल असे वागण्याचे ऋणही त्या अधिकाराबरोबरच येते.